शिट्टी नसलेली खोली

रविवार, २

फुकटात मिळालेली ही खोली मला केवढ्याला पडली, ते आधी मांडतो. बायकोसाठी दोन नव्या बॅगा. माझ्यासाठी नवे बूट, त्यातला डावा चावतो. मेव्हणीचा रुसवा, कारण बोलावणं दोघांनाच होतं. आणि माझी हत्यारांची पेटी. ती घरी ठेवून यायची, अशी छोटीची अट होती. "बाबा, पाहुणे म्हणून जाताय. पाहुणा कुठे पाना-पकड घेऊन जातो का?" मी म्हटलं, डॉक्टर लग्नाला गेला तरी नाडी विसरत नाही. ती हसली, पण पेटी कपाटात ठेवून किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

बॅगा, बूट, मेव्हणी आणि पेटी. एवढ्यात समुद्रावरची राजेशाही सफर. स्वस्तच म्हणायची. फक्त हत्यारांवाचून हाताला चैन पडत नाही, म्हणून हे लिहिणं.

या जहाजाच्या प्रत्येक खोलीतला टीव्ही, भिंतीतला आवाज, उशाशी असलेली बटणं, सगळं आमच्या फर्मने बसवलंय. जिन्याखालच्या जागेत पाय दुमडून रेडिओ दुरुस्त करायचो, तिथून इथवर आलो. शिक्षण विचाराल तर शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर अजून एकमत नाही. डिग्री छोटीकडे. आमची एकुलती एक, इंजिनीअर, फर्ममध्ये माझी भागीदार. मोजमापं, करार, गिऱ्हाइकाशी गोड बोलणं तिच्याकडे. पण शेवटचा शब्द कानाचा. काम संपलं की मी एकटा खोलीत जातो, दार लावतो, पलंगावर बसतो, डोळे मिटतो. तारेची गुणगुण, पत्र्याची थरथर, लाकडाची कुरकुर, नको ते काहीही ऐकू आलं की काम पुन्हा उघडायचं. नाही आलं तर दारावर टिचकी मारून म्हणायचं, "पास." माझ्या टिचकीशिवाय आमची एकही खोली आजवर गिऱ्हाइकाच्या ताब्यात गेलेली नाही.

चालत्या जहाजात खोल्या कशा वागतात ते ऐकून या, असं छोटीचं म्हणणं पडलं, म्हणून आलो. या जहाजाचं जुळं भावंड धक्क्यावर शेजारीच उभं आहे. टीव्ही बसलेत, तारा जोडल्यात, फक्त माझी टिचकी बाकी. तुम्ही परत आल्यावरच खोल्या ऐकू, असा छोटीने शब्द दिलाय. सुटताना मी त्या जहाजाकडे बोट करून हिला म्हटलं, "बघ, केवढं धूड! पण माझ्या कानाशिवाय इंचभर हलणार नाही."

ही म्हणाली, "बॅग धरा."

सोमवार, ३

श्रीमंतीची सवय नाही, पण लावून घ्यायला माझी हरकत नाही.

बटण दाबलं की पलंगाच्या पायथ्याच्या पेटीतून टीव्ही वर येतो, दुपारच्या झोपेतून उठलेल्या मामासारखा, सावकाश. न्हाणीघरात आरशाच्या आतच दुसरा. दाढी करताना एका गालावर युद्ध, दुसऱ्यावर हवामान. पडदे बटणावर, दिवे बटणावर, मालिशवाली बटणावर. उशांचं चक्क मेन्यूकार्ड आहे: मऊ, कडक, मानेची, कुशीची. खोली आवरायला येणाऱ्या मुलीने विचारलं, "मॅडम, कुठली देऊ?" ही म्हणाली, "घोरणाऱ्याचा आवाज पलीकडे जाऊ न देणारी असली तर दे."

एका वाहिनीवर दिवसरात्र जहाजाच्या नाकावरच्या कॅमेऱ्यातून समुद्र दिसतो. लोक खिडकीचा पडदा ओढून टीव्हीवर समुद्र बघतात. ही कल्पना माझीच होती. पडदा ओढतील एवढं मात्र मलाही वाटलं नव्हतं.

पहिल्यांदा टीव्ही लावला की स्वागताची पाटी येते. आमच्या पाटीवर "आमचे सन्माननीय पाहुणे" असं आलं. फर्मचं नाव नाही, हुद्दा नाही. सगळ्यांना एकच पाटी असावी. छोटीला सांगून यात सुधारणा करायला हवी.

जहाजावरच्या करमणुकीचा प्रमुख एक हसतमुख गृहस्थ आहे. गळ्याला बो लावतो, म्हणून मी त्याला बोवाले म्हणतो. "साहेब, रोज जे ऐकाल ते मला येऊन सांगत चला," म्हणाला. मी आजच तीन गोष्टी सांगितल्या. आमच्या मजल्यावर जिन्याजवळचा स्पीकर भसाडा वाजतो, वगैरे. तो प्रत्येक वाक्याला "वा, वा" म्हणत होता. काही लिहून घेतलं नाही. स्मरणशक्ती दांडगी दिसते.

बुधवार, ५

जेवणाच्या टेबलावर आमची टोळी जमली आहे. एक निवृत्त हेडबाई, एकट्याच फिरतात, आणि एक नवं जोडपं. मुलगी गोड आहे, मला काका म्हणते. नवरा खातो आणि झोपतो, म्हणजे संसारात टिकेल.

आज ती म्हणाली, "काका, हे टीव्ही तुम्ही बसवलेत ना? आमच्या खोलीत शिट्टी वाजते. अगदी बारीक. डास कानात अडकल्यासारखी. बंद केला तरी वाजत राहते."

नवरा म्हणाला, "लग्न झाल्यापासून माझ्याही कानात वाजते. मी लक्ष देत नाही."

सगळे हसले. मी मात्र उठलो. शिट्टी म्हणजे टीव्हीमागचा वीज पुरवणारा डबा. नीट नसला तर रडतो. तो आवाज मी झोपेतही पकडीन. वरात घेऊन त्यांच्या खोलीत गेलो, सगळ्यांना गप्प केलं, पलंगावर बसून डोळे मिटले. खाली इंजिनाची धडधड, छतात हवेची सुरसुर, पलीकडच्या खोलीत कुणीतरी कपाट लावलं. शिट्टी नाही.

"आत्ताही वाजतेय, काका," ती म्हणाली.

हेडबाईंनी कान लावला. "मला तर काहीच ऐकू येत नाही. आणि फळ्याकडे तोंड करून मागच्या बाकावरची कुजबुज पकडणारी बाई आहे मी!"

झालं. दोन अनुभवी कान एका बाजूला. मी दारावर टिचकी मारली. "पास. मुली, दिवसभर कानात ती गाण्याची बोंडं घालता तुम्ही, मग कानच शिट्ट्या मारतात."

ती बिचारी ओशाळली. ही जेवणाला परत आली ती गप्पच. समुद्र लागला असावा.

गुरुवार, ६

शिट्टीची साथ आली आहे. वरच्या मजल्यावरचा एक वादक, पोहण्याच्या तलावावरची शिक्षिका, केशकर्तनालयातला पोरगेला कारागीर, तिघांचीही तीच तक्रार. सगळे तिशीच्या आतले. माझ्या वयाच्या एकालाही त्रास नाही. यावरून काय ते समजावं: ही पिढीच हळवी.

नव्या नवरीच्या खोलीतला डबा मात्र बोवाल्यांनी परस्पर बदलून टाकला. मी विचारलं, सुटे डबे आले कुठून? "ताईंनी निघतानाच दिलेत. तक्रार आली की बदला म्हणाल्या." छोटीचं हे असं. पाऊस नसला तरी छत्री घेऊन निघणारी पोरगी. मला सांगितलं नाही एवढंच, विसरली असेल.

डबा बदलल्यावर शिट्टी गेली म्हणे. मनाची समजूत हे सगळ्यांत स्वस्त औषध.

शनिवार, ८

आज लिहिणार नव्हतो. पण न लिहून जायचं कुठे? चहूकडे पाणीच आहे.

दुपारच्या चहाला त्या मुलीने सहज म्हटलं, "काका, आता खोली कशी शांत झाली!" मला कुठे गप्प बसवतंय. म्हटलं, खोली होती तशीच आहे, होऊन जाऊ दे पैज. काढलेला जुना डबा आणा. भिंतीत खोचायचा, पडद्याआड राहून कुणीतरी चालू-बंद करायचा. डोळ्यांवर पट्टी बांधून तू सांग, मग मी सांगतो.

बोवाले म्हणाले, "साहेब, कशाला? समोर वाद्यवृंद सुरू होतोय."

ही म्हणाली, "अहो, राहू दे ना. चहा गार होतोय."

हेडबाई म्हणाल्या, "होऊ द्या की! दूध का दूध, पाणी का पाणी."

पट्टी कुठली, तर खोलीत प्रत्येक पाहुण्याला झोपण्यासाठी रेशमी पट्टी देतात ती. खोली आवरणारी मुलगी पडद्याआड डबा घेऊन बसली. आधी नव्या नवरीची पाळी. "चालू. बंद. बंद. चालू." पडद्याआडून दर वेळी, "बरोबर." मला वाटलं, पट्टीखालून दिसतंय. मी स्वतः गाठ घट्ट केली. पुन्हा सगळं बरोबर. तिचा नवरा झोपाळू आवाजात म्हणाला, "मीपण सांगू शकेन हो, एवढं काय त्यात."

मग मी बसलो. पट्टी बांधली. तो काळोख माझ्या ओळखीचा आहे, सगळी हयात त्यातच पैसा कमावला. श्वास रोखला. म्हणालो, "बंद."

"बरोबर," पडद्याआडून. हेडबाईंनी टाळी वाजवली.

"बंद."

उत्तर आलं नाही.

"बंद," मी म्हणालो. थोड्या वेळाने पुन्हा, "बंद." कुणी हसेना, कुणी बोलेना. मला वाटलं, सगळे चकित झालेत. शेवटी पट्टी वर सरकवली. नवी नवरी दोन्ही कानांवर हात दाबून उभी होती. पडदा बाजूला होता, डबा भिंतीत होता, आणि त्यावरचा हिरवा दिवा लागलेला होता.

हेडबाईंचं तोंड उघडं राहिलं. नव्या नवऱ्याची झोप उडाली. बोवाले बो चाचपत होते. मी हिच्याकडे बघितलं. ही गालिच्याकडे बघत होती.

सगळ्यांना आश्चर्य वाटलं होतं. हिला वाटलं नव्हतं. आणि बोवाल्यांनाही नाही.

रविवार, ९

सकाळी हिला समोर बसवलं. "कधीपासून माहीत होतं?"

आधी म्हणाली, "काय?" मग म्हणाली, "चहा मागवू का?" मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "फ्रिजवरून कळलं."

"कुठल्या फ्रिजवरून?"

"आपल्या. दार उघडं राहिलं की तो केकाटतो. तुम्ही त्याच्यासमोर बसून पेपर वाचत होता. मी आतून ओरडले, अहो, दार लावा! तुम्ही म्हणालात, कुठलं दार? दोन वर्षं झाली असतील."

"म्हणजे तुला शिट्टी ऐकू येते?"

"मलाही नाही येत. पण मी कुठे पैजा लावते?"

मी विचारलं, छोटीला कोणी सांगितलं? हिने सांगायची गरजच पडली नव्हती. छोटीला आधीच कळलं होतं. मागच्या हॉटेलच्या कामात माझी टिचकी झालेल्या खोल्यांतून तक्रारी आल्या. त्या तिने माझ्यापर्यंत येऊ दिल्या नाहीत. तेव्हापासून मी "पास" म्हणून घरी गेलो की ती मीटर घेऊन परत जायची आणि एकेक खोली पुन्हा लावायची. आमचे तारवाले, सुतार, सगळे तिच्याबरोबर. माझ्या टिचकीनंतर जी मंडळी टाळ्या वाजवून "चला साहेब, दमलात, घरी जा" म्हणायची, त्यांचं खरं काम मी जिना उतरल्यावर सुरू व्हायचं.

"या जहाजाच्याही खोल्या?"

"सगळ्या. काही राहिल्याच असतील बघा."

"आणि मला सांगायची काय, कुठे चालली म्हणून?"

"पोहायला."

खरंच की. पोरगी पोहायला शिकतेय म्हणून मी गावभर सांगत सुटलो होतो. याच जहाजाच्या तलावाचं पाणी भरलं त्या दिवशी ती काठावर बसून पाय बुडवायलाही घाबरली. मी म्हटलं, पाणी गार असेल.

हिला विचारलं, "तू तरी सांगायचंस."

"काय सांगायचं? तुम्ही टिचकी मारून घरी आलात की केवढे खुशीत असायचात. दोन घास जास्त खायचात. त्या ताटावर बसून सांगायचं होतं का?"

दोन घास जास्त खायचो, हे खरं होतं. खरं होतं म्हणून राग जास्त आला.

संध्याकाळी बोवाल्यांना गाठलं. चांगला माणूस आहे, खोटं बोलताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. म्हणाला, "ताई म्हणाल्या होत्या, बाबा जे सांगतील ते ऐकून घ्या, त्यांना बरं वाटतं."

"आणि जिन्याजवळचा भसाडा स्पीकर?"

"कुठला, साहेब?" म्हणाला. एवढी दांडगी स्मरणशक्ती.

सोमवार, १०

दिवसभर समुद्राची वाहिनी बघितली. खिडकीचा पडदा ओढून.

मंगळवार, ११

कान वयाने गेले, त्याचा राग नाही. असं लिहिलं आणि लगेच कळलं, खोटं आहे. राग आहे. पण तो कुणावर काढावा असा माणूस नाही. दुसऱ्या रागाला मात्र माणसं आहेत, आणि त्यातली एक याच खोलीत मानेच्या उशीवर झोपते.

गिऱ्हाइकाने फसवलं तर मी समजू शकतो, त्याचा तो धंदा आहे. भागीदाराने फसवलं तरी सोसतात लोक. पण लहान पोराच्या हाती खोटं स्टिअरिंग देऊन "चालव हं, गाडी तूच चालवतोयस" म्हणतात, तसं माझ्या घरच्यांनी मला माझ्याच फर्ममध्ये बसवलं. आणि मी तोंडाने भोंगा वाजवत होतो.

तरी विचार केला, एक गोष्ट अजून हातात आहे. ते दुसरं जहाज. कान नसतील, पण शब्द आहे. मी परत आल्याशिवाय खोल्या पास होणार नाहीत, असा शब्द छोटीने दिलाय. मी तिथे जाईन, तिला म्हणेन, आण तुझा मीटर, माझ्यासमोर लाव. आकडा तू वाच, दारावर टिचकी मी मारतो. अंगठाछाप माणूससुद्धा कुणीतरी वाचून दाखवल्यावरच अंगठा उठवतो. यात लाज कसली? हे ठरल्यावर जरा घास उतरला.

मग उशाशी असलेल्या फोनवरून तिला फोन लावला. तोही आमच्या फर्मनेच बसवलेला. आवाज स्वच्छ आला. ते काम चांगलं झालंय, ज्याने केलं असेल त्याने.

"बाबा! कशी चाललीय मजा?"

"पोहणं काय म्हणतंय तुझं?"

पलीकडे शांतता. ती मात्र मला ऐकू आली.

"आईने सांगितलं?"

"आईने नाही, एका डब्याने सांगितलं. का केलंस असं?"

"मग काय करायचं होतं बाबा? तुमच्यासमोर मीटर लावायचा? एकदा लावला होता. सगळ्या माणसांदेखत तुम्ही म्हणालात, हे खेळणं घरी ठेवून ये."

असं मी म्हणालो असेन. मला आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे, घडणीवरून ओळखू येतं.

"गिऱ्हाईक जात होतं," ती म्हणाली. "फर्म ठेवायची होती आणि तुम्हालाही ठेवायचं होतं. दोन्ही जमेल असं एवढंच सुचलं."

"ठेवायचं म्हणजे? मी काय फुलदाणी आहे?"

ती रडायला लागली असावी. फोनवर नीट कळत नाही, किंवा मला कळत नाही. मी आवाज खाली आणला. म्हटलं, झालं ते झालं. दुसऱ्या जहाजाचं ऐक. माझ्यासमोर मीटर लाव, मी चकार शब्द काढणार नाही. फक्त मी आल्याशिवाय एकही खोली पास करू नकोस. शब्द दे.

"तुम्ही या आधी, बाबा."

"शब्द दे."

"या ना तुम्ही. मी येते धक्क्यावर घ्यायला. बोलू."

फोन ठेवल्यावर हिने विचारलं, "काय म्हणाली?"

"थांबते म्हणाली," मी सांगितलं. "शेवटी पोरगी माझी आहे."

हिने खूप वेळ उशांचं कार्ड वाचलं.

गुरुवार, १३

सकाळी धक्का दिसायला लागला तशी सगळी मंडळी कठड्याशी जमली. हेडबाई हात हातात घेऊन म्हणाल्या, "मीही आता कान तपासून घेणार. मागच्या बाकावरचं काय काय राहून गेलं असेल कोण जाणे." नव्या नवरीने वाकून नमस्कार केला. म्हणाली, "काका, माझं चुकलं. मी बोलायलाच नको होतं." मी म्हटलं, "तू एकटीच तर खरं बोललीस. त्याचं माप पदरात घे आणि सुखी राहा." तिच्या नवऱ्याने आमच्या दोन बॅगांतली जड बॅग न सांगता उचलली.

बोवाले निरोपाला आले. आज बो नव्हता, नुसता मोकळा गळा. "साहेब, जिन्याजवळचा स्पीकर काल स्वतः जाऊन ऐकला. खरंच भसाडा वाजतो. बदलला." मला वाईट वाटायला हवं होतं की बरं, ते ठरेना. हात हलवला नि उतरलो.

छोटी खाली गाडी लावून उभी होती. मला बघून धावत आली नाही. एरवी येते. मी तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत होतो. शेजारच्या धक्क्यावर नुसतं पाणी होतं. तेलाचा तवंग आणि त्यावर दोन समुद्रपक्षी.

हिने बॅग खाली ठेवली. मी विचारलं, "कुठे हलवलं ते जहाज?"

"हलवलं नाही, बाबा," छोटी म्हणाली.

ते शनिवारी सकाळीच सफरीवर गेलं. सगळ्या खोल्या भरलेल्या आहेत आणि आजपर्यंत एकाही खोलीतून तक्रार आलेली नाही.